साहेब ठाण्यात नसतात तेव्हा
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दहावीच्या वर्गाला यंदा 'मोठेपणी काय व्हायचंय' ते चिठ्ठीवर लिहायला सांगितलं होतं. सगळ्यांत जास्त चिठ्ठ्यांवर 'एस. पी.' लिहून आलं. डॉक्टर-इंजिनिअर मागे पडले. म्हणून संयोजकांनी मला फोन केला आणि म्हणाले, 'तू यावर बोल.' मी म्हटलं, 'अरे, मी पुण्यात बसून सॉफ्टवेअर लिहिते. मला पोलिसांतलं काय कळतंय?' तर उत्तर आलं, 'तुझे चुलते हवालदार होते की! आणि आमच्या बॅचमध्ये एवढे प्रश्न विचारणारी दुसरी कोण होती?'

तर चुलत्यांच्या पुण्याईवर मी इथं उभी आहे. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण अजून कुणी मोठ्या आवाजात 'साहेब आले' म्हटलं की आप्पा खुर्चीतून उठतात. त्यांना मी लहानपणापासून विचारत आले की तुमचे साहेब दिवसभर करतात तरी काय? त्यांची उत्तरं, आणि गेल्या काही वर्षांत वाचलेले कायदे आणि निकाल, यांच्या आधारावर आज बोलते आहे.

आधी एस. पी. नेमके कुठं बसतात ते बघू. एस. पी. म्हणजे पोलीस अधीक्षक, जिल्ह्याच्या पोलीस दलाचा प्रमुख. आपल्या कोडोली पोलीस ठाण्यात प्रभारी अधिकारी असतात. त्यांच्यावर शाहूवाडीचे उपविभागीय पोलीस अधिकारी, ज्यांना आपण डीवायएसपी म्हणतो. त्यांच्यावर कोल्हापुरात अप्पर अधीक्षक आणि अधीक्षक. बारा तालुके, तीसच्या आसपास पोलीस ठाणी, शिवाय स्थानिक गुन्हे शाखा, वाहतूक शाखा, सायबर, नियंत्रण कक्ष आणि मुख्यालय, एवढा पसारा एका माणसाच्या सहीनं चालतो. त्यांच्यावर कोल्हापूर परिक्षेत्राचे विशेष पोलीस महानिरीक्षक. त्यांच्याकडं कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर ग्रामीण आणि पुणे ग्रामीण असे पाच जिल्हे. आणि सगळ्यांत वर, मुंबईत, राज्याचे पोलीस महासंचालक. जानेवारी २०२४ मध्ये रश्मी शुक्ला त्या खुर्चीवर बसल्या. महाराष्ट्रात हे पद मिळालेल्या त्या पहिल्या महिला. मुलींनो, तुमच्या चिठ्ठ्याही मी बघितल्यात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

पुण्यात किंवा सोलापूर शहरात पोलीस आयुक्त असतात. कोल्हापूर शहराला आयुक्तालय नाही. मागणी जुनी आहे, पण आज शहरही एस. पीं.कडंच आहे. आयुक्तांकडं दंडाधिकाऱ्याचे काही अधिकार असतात, ते आपल्याकडं जिल्हाधिकारी आणि प्रांत यांच्याकडं आहेत. उदाहरण सांगते. एखाद्या टोळीला जिल्ह्यातून हद्दपार करायचं असेल तर महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ५५ खाली एस. पी. आदेश काढतात. एकट्या माणसाला कलम ५६ खाली तडीपार करायचं असेल तर पोलिसांनी प्रस्ताव पाठवायचा आणि आदेश प्रांतांनी काढायचा. सिनेमातला साहेब एका फटक्यात गावगुंडाला वेशीबाहेर काढतो, पण खऱ्या साहेबांना आधी फाईल पाठवावी लागते.

आता काम. जोतिबाची चैत्र यात्रा आपण सगळ्यांनी बघितली आहे. एकच डोंगर, अरुंद पायवाटा, उंच सासनकाठ्या आणि लाखो भाविक. त्या दिवशी कुणाला चेंगराचेंगरीत इजा झाली नाही, तर दुसऱ्या दिवशी पेपरात बंदोबस्त करणाऱ्याचं नाव येत नाही. पण गाड्या कुठं थांबवायच्या, चढणारी वाट कुठली आणि उतरणारी कुठली, हे सगळं काही आठवडे आधी कागदावर ठरलेलं असतं आणि त्या कागदावर शेवटची जबाबदारी एस. पीं.ची असते. ऑगस्ट २०१९ च्या आणि जुलै २०२१ च्या महापुरातही तेच. शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं आणि पुणे-बेंगळुरू वाहतूक बंद करावी लागली. ट्रकांच्या रांगा लागलेल्या असताना 'आता एकही गाडी सोडायची नाही' म्हणणं आणि ते शेवटपर्यंत पाळणं सोपं नसतं. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात आणि एस. पी. त्याचे सदस्य. दोघांचं पटलं नाही तर पुराचं पाणी वाट बघत नाही.

ही कामं आपल्याला दिसतात. आता ज्याच्यासाठी मी हा विषय घेतला, त्या न दिसणाऱ्या कामाकडं येते.

रात्रीचे अकरा वाजलेत. कोडोलीच्या किंवा कुठल्याही ठाण्यात एक बाई तक्रार घेऊन येते. एस. पी. वीस-पंचवीस किलोमीटर लांब कोल्हापुरात आहेत. समोर आहे तो ठाणे अंमलदार, दिवसभर बंदोबस्त करून दमलेला. त्यानं तक्रार लिहून घेतली की तिला 'उद्या या' म्हणून परत पाठवलं, यावरून जिल्ह्याचा प्रमुख कसा आहे ते कळतं. साहेब ठाण्यात नसतात तेव्हा तिथं जे होतं, ते साहेबांचं खरं काम.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली तर गुन्हा नोंदवलाच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयानं ललिता कुमारी खटल्यात नोव्हेंबर २०१३ मध्ये सांगितलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, माहिती कुठल्याही ठाण्यात देता येते. आणि ठाण्यानं नकार दिला तर? त्याच कलमाच्या चौथ्या पोटकलमात उत्तर आहे. तक्रारीचा मजकूर लेखी स्वरूपात टपालानं थेट पोलीस अधीक्षकांना पाठवा. दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर त्यांनी स्वतः तपास करायचा किंवा हाताखालच्या अधिकाऱ्याला करायला लावायचा. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही कलम १५४ मध्ये ही सोय होती. म्हणजे एस. पीं.चं दार कायद्यानंच सामान्य माणसासाठी उघडं ठेवलंय.

मग प्रत्यक्षात लोक परत का जातात? माझा एक अनुभव सांगते. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या शहरात बसमधून माझी बॅग चोरीला गेली. लॅपटॉप आत होता. ठाण्यात गेले. समोरचे गृहस्थ अगदी सौजन्यानं म्हणाले, 'मॅडम, चोरी कशाला लिहिता? हरवल्याचा दाखला देतो, विम्याला चालतो, तुमचंही काम होईल.' मला तेव्हा राग आला. घरी आल्यावर आप्पांना फोन केला. ते हसले आणि म्हणाले, 'पोरी, तो काय वाईट माणूस नाही. महिन्याच्या मीटिंगला त्याच्या साहेबाला उभं राहून सांगावं लागतं, तुमच्या हद्दीत चोऱ्या का वाढल्या म्हणून.'

त्या एका वाक्यानं माझ्या डोक्यात प्रकाश पडला, कारण हे आमच्या धंद्यात रोज घडतं. प्रोग्राममधल्या चुकांची संख्या कमी दाखवली की शाबासकी, असं जर एखाद्या मॅनेजरनं ठरवलं, तर चुका कमी होत नाहीत, त्यांची नोंद कमी होते. दर महिन्याला एस. पी. गुन्हे आढावा बैठक घेतात. सगळ्या ठाण्यांचे प्रभारी तिथं असतात. 'गुन्हे वाढले का?' एवढाच प्रश्न तिथं विचारला गेला तर दुसऱ्या दिवसापासून ठाण्यात 'हरवल्याचे दाखले' वाढतात. त्याऐवजी साहेबांनी विचारलं की, 'किती लोक तक्रार घेऊन आले, किती जणांची लिहून घेतली, किती जण लेखी अर्ज घेऊन थेट माझ्याकडं आले आणि ते तुमच्याकडून परत का गेले?', तर ठाण्यातलं वागणं बदलतं. बैठक बंद दाराआड होते, पण तिथला प्रश्न रात्री अकरा वाजता आलेल्या त्या बाईपर्यंत पोचतो.

आप्पांच्या घरी दोन शब्दांची भीती होती, 'तपासणी लागली'. वार्षिक तपासणीला वरिष्ठ येणार म्हटलं की ठाण्यातली स्टेशन डायरी, प्रलंबित गुन्हे, मुद्देमालाची खोली, शस्त्रं, सगळं मोजून ठेवायचं. आम्हाला वाटायचं, हा नुसता कागदी खेळ आहे. आज मला तसं वाटत नाही, आणि त्याचं कारण आपल्या गावाच्या अगदी जवळ घडलंय.

वारणानगरच्या शिक्षक कॉलनीतलं प्रकरण इथल्या मोठ्या माणसांना आठवत असेल. २०१६ मध्ये मिरजेत एका घरात तीन कोटींहून जास्त रोकड सापडली. ती वारणानगरच्या एका खोलीतून चोरलेली असल्याचं पुढं आलं. तपासासाठी सांगलीच्या पोलिसांचं पथक इथं आलं. पुढं तपास करणाऱ्या त्या पोलिसांवरच तिथली ९ कोटी १८ लाखांची रक्कम हडप केल्याचा आरोप झाला. वरिष्ठांनी चौकशी केली आणि एप्रिल २०१७ मध्ये पोलिसांविरुद्धचा गुन्हा आपल्या कोडोली ठाण्यात नोंद झाला. अधिकारी-कर्मचारी निलंबित झाले, तपास राज्य गुन्हे अन्वेषण विभागाकडं गेला. कोण दोषी हे न्यायालयानं ठरवायचं, ते मी सांगणार नाही. मला त्यातल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात.

पहिली गोष्ट, चोरी उघडकीला येण्यापासून पोलिसांवर गुन्हा नोंद होईपर्यंत वर्षाहून जास्त काळ गेला. खोलीत गेलं कोण, नोटा मोजल्या कुणी, पंचनाम्यावर सह्या कुणाच्या, वरच्या साहेबांना कधी कळवलं, हे प्रश्न त्याच आठवड्यात कडकपणे विचारले जायला हवे होते. नोंदवही तपासणं हा कागदी खेळ नाही तो असा. दुसरी गोष्ट, वारणेच्या अलीकडं आणि पलीकडं जिल्हे वेगळे, एस. पी. वेगळे, पण दोन्हींवर एकच महानिरीक्षक. आपल्याच खात्यातल्या माणसांवर गुन्हा नोंदवायची वेळ येते तेव्हा वरिष्ठाची खरी परीक्षा असते. 'खात्याची बदनामी होईल' म्हणून प्रकरण दाबणं सगळ्यांत सोपं. शेवटी इथं गुन्हा नोंद झाला, आणि तो आपल्या ठाण्याच्या दप्तरात आहे, हे मला महत्त्वाचं वाटतं.

आज परिस्थिती थोडी बदलली आहे. नव्या संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं दृक्-श्राव्य चित्रीकरण करावं लागतं आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडं पाठवावं लागतं. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं परमवीर सिंग सैनी खटल्यात प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही बसवायला सांगितलं आणि ते चालू ठेवण्याची जबाबदारी ठाणे प्रभारींवर टाकली. देखरेखीसाठी जिल्हा पातळीवर जी समिती सांगितली तिच्यात एस. पी. आहेत. पण मी यंत्रांच्या धंद्यातली आहे म्हणून सांगते, कॅमेरा बंद पडला आणि कुणी विचारलंच नाही, तर तो कॅमेरा म्हणजे भिंतीवरचा खिळा. विचारणारा माणूस लागतोच.

कायदा करणाऱ्यांनाही हे ठाऊक होतं. मोक्का, म्हणजे १९९९ चा संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, बघा. तो फार कडक आहे, म्हणून त्याला कुलपं लावलीत. तो लावायचा तर पोलीस उपमहानिरीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याची आधी मान्यता लागते, तपास उपअधीक्षकाखालच्या कुणाकडं देता येत नाही, आणि न्यायालयानं दखल घेण्याआधी अप्पर महासंचालक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याची मंजुरी लागते. अधिकार जेवढा मोठा, तेवढ्या जास्त जणांच्या सह्या. वरच्या अधिकाऱ्यानं डोळे मिटून सही केली तर कुलूप असून नसल्यासारखं. त्यानं प्रत वाचली, 'यात पुरावा कुठं आहे?' म्हणून परत पाठवली, तर एखादा निरपराध वाचतो आणि खऱ्या गुन्हेगारावरचा खटलाही टिकतो.

आता तुम्ही म्हणाल, एस. पीं.नी हे सगळं करायचं, पण ते टिकतात किती दिवस? बरोबर आहे. नव्या साहेबांना ठाणी कळायला सहा महिने लागतात आणि कळली की बदलीची चर्चा सुरू होते. प्रकाश सिंह हे उत्तर प्रदेशचे आणि आसामचे पोलीस महासंचालक होते. निवृत्तीनंतर १९९६ मध्ये ते सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २२ सप्टेंबर २००६ रोजी निकाल लागला. न्यायालयानं राज्यांना जे आदेश दिले त्यात महासंचालकांना, जिल्ह्याच्या एस. पीं.ना आणि ठाणे प्रभारींना किमान दोन वर्षं त्या जागी ठेवा, असं सांगितलं. पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण करा, असंही सांगितलं. महाराष्ट्रानं २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून कलम २२-न आणलं. उपअधीक्षक आणि त्यावरच्या अधिकाऱ्यांचा एका जागी सर्वसाधारण कार्यकाळ दोन वर्षं. पण त्याच कलमात अपवादात्मक परिस्थितीत मुदतीआधी बदली करायची मुभाही आहे. अपवाद किती वेळा वापरायचा, हे मंत्रालयात ठरतं आणि त्या मंत्रालयावर दबाव टाकणारे आपणच असतो.

कसं, ते सांगते. पोराला दारू पिऊन गाडी चालवताना धरलं की पहिला फोन जातो तो ओळखीच्या पुढाऱ्याला. पुढारी ठाण्याला फोन करतो. ठाण्यानं ऐकलं नाही तर एस. पीं.ना. एस. पीं.नी ऐकलं नाही तर त्याच्याही वर. आणि तेच आपण संध्याकाळी चौकात म्हणतो, 'चांगले साहेब टिकू देत नाहीत.' इथं बसलेल्या आम्हा चाळिशीच्या लोकांनी हे मनावर घ्यायला हवं. पुढच्या वेळी तो पहिला फोन न करणं आपल्या हातात आहे.

विद्यार्थ्यांनो, तुम्हाला शौर्याच्या गोष्टी आवडतात, मलाही आवडतात. हेमंत करकरे इंजिनिअर होते, नागपूरला मेकॅनिकल शिकले, खासगी नोकरी केली आणि १९८२ च्या तुकडीतून आयपीएस झाले. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत ते गेले, अशोक कामटे गेले, विजय साळसकर गेले. आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यातले सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांनी हातात फक्त काठी असताना कसाबची बंदूक धरून ठेवली. वारणेपलीकडच्या कोकरूडचे विश्वास नांगरे पाटील त्या रात्री ताज हॉटेलात शिरले. पुढं तेच आपल्या परिक्षेत्राचे महानिरीक्षक म्हणून आले. या माणसांपुढं मान झुकतेच. पण त्या हल्ल्यानंतर राम प्रधान समितीनं चौकशी केली, तेव्हा पोलिसांच्या धैर्याचं कौतुक करतानाच संकटासाठी आधी ठरवून ठेवलेली कार्यपद्धती पाळली गेली नाही आणि वरून नेतृत्व दिसायला हवं होतं तसं दिसलं नाही, असंही नोंदवलं. शूर माणूस पुढं जातो तेव्हा त्याच्या मागं कुमक कधी येणार, कोणत्या वाटेनं येणार, हे ठरवणारा प्रमुख लागतो. ते चुकलं की शूर माणसाच्या जिवावर बेततं.

तेव्हा ज्यांनी चिठ्ठीवर 'एस. पी.' लिहिलंय, त्यांनी आत्तापासून तीन सवयी लावून घ्या. जे घडलं ते जसंच्या तसं लिहायचं, मग ते आपल्या विरुद्ध जात असलं तरी. हाताखालच्या माणसाची सुट्टी, त्याचं घर, त्याचं दुखणं विचारायचं, कारण 'दरबारा'त हवालदाराचं ऐकून घेणारा साहेब मिळाला तर तो हवालदार ठाण्यात आलेल्या म्हातारीचं ऐकून घेतो. आप्पा हे शपथेवर सांगतील. आणि आपल्या जवळच्या माणसाची चूक दिसली की ती पहिल्या दिवशी बोलायची.

ज्यांना एस. पी. व्हायचं नाही, त्यांनीही एक गोष्ट घरी जाऊन आई-आजीला सांगा. तक्रार दिली की तिची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्यायची. तपासाची प्रगती नव्वद दिवसांच्या आत कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे, ती विचारायची. आणि ठाण्यानं ऐकलं नाही तर साध्या कागदावर सगळं लिहून, खाली सही करून, कोल्हापूरला पोलीस अधीक्षकांच्या नावानं स्पीड पोस्टानं पाठवायचं आणि पोचपावती जपून ठेवायची. त्याला वकील लागत नाही, ओळख लागत नाही. शुद्ध मराठी लिहिता आलं की पुरे, आणि ते आपल्या शाळेनं आपल्या सगळ्यांना शिकवलंय.